मधमाश्या पाळायला शिकणं आणि थवे सांभाळणं : आमच्या मंडळाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाई आणि पसरणी घाटाच्या आजूबाजूला पेट्या ठेवणारे आम्ही काही जण मिळून हे मंडळ चालवतो. कोणी शिक्षक, एक निवृत्त एसटी कंडक्टर, दोघी-तिघी शेतकरी बायका, एक दातांचे डॉक्टर. फोन वर्षभर येतात, पण संक्रांत ते होळी या दिवसांत जेवायला बसलं की वाजलाच म्हणून समजा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. दारात थवा लटकलेला असेल तर पहिले तीन-चार प्रश्न वाचा आणि मग फोन करा. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

आमच्या झाडावर अचानक हजारो माश्या येऊन बसल्यात. काय करू?

काहीच नको. त्या बाजूच्या खिडक्या लावा, पोरांना आणि कुत्र्याला आत घ्या आणि चहा टाका. तुम्ही पाहताय तो थवा आहे, म्हणजे जुनं घर सोडून नव्या घराच्या शोधात निघालेलं बिऱ्हाड. निघताना या माश्या पोटभर मध पिऊन निघतात. राखायला त्यांच्याकडे पोळं नसतं, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) नसतो, त्यामुळे सहसा त्यांना भांडणात रस नसतो. राणीभोवती घोळका करून त्या फांदीला लोंबतात आणि त्यांच्यातल्या काही अनुभवी माश्या जागा शोधत हिंडतात. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांत थवा आपसूक उठून जातो.

पाण्याचा पाइप, फिनेल, डासांचा स्प्रे, पेटता टेंभा, हे सगळं आम्ही पाहिलेलं आहे. प्रत्येक वेळी साधा विषय दवाखान्यापर्यंत गेला.

मी फोनवर सांगतोय ना माश्या आहेत, मग तुम्ही एवढे प्रश्न का विचारता?

कारण अर्ध्या वेळा त्या मधमाश्या नसतातच. बारीक कंबरेची, लांब पाय लोंबकळत उडणारी असेल तर ती गांधीलमाशी, आणि तिच्यासाठी आमच्याकडे पेटी नाही. मधमाशी असेल तरी कोणती, यावर सगळं ठरतं. म्हणून आम्ही विचारतो : माशी केवढी आहे? किती उंचीवर? कधीपासून? नुसता माश्यांचा घोस आहे की मेणाचं पोळं दिसतंय? उघड्यावर आहे की भोकातून ये-जा चाललीय? लांबून, झूम करून एक फोटो पाठवलात तर निम्मे प्रश्न वाचतात. जवळ जाऊन काढू नका.

आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार दिसतात. आग्या सगळ्यात मोठी, उघड्यावर एकच थोरलं पोळं बांधते. फुलोरी लहान, झुडपात तळहाताएवढं एक पोळं. सातेरी मध्यम, अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, आणि पेटीत राहते ती हीच. चौथी मेलिफेरा, बाहेरून आणलेली, तीही पेटीतली. शिवाय चिलटाएवढी बिनडंखाची ट्रायगोना असते, जुन्या वाड्यांच्या भिंतीत डिंकासारखी नळी काढून राहणारी. तिला घाबरून फोन करणारेही आहेत.

टाकीखाली किंवा पिंपळावर आग्या मोहोळ आहे. तुम्ही काढून पेटीत भरता का?

नाही. आग्या पेटीत राहत नाही, कितीही लाड केले तरी. पावसाळा सरला की ती आपल्या भागात येते, फुलोरा संपला की निघून जाते. उंच झाडं, कडे, पूल, पाण्याच्या टाक्या ही तिची ठिकाणं. ती जागा माणसांच्या डोक्यावरून बरीच वर असेल तर आमचा सल्ला एकच : जाऊ द्या, उन्हाळ्यानंतर रिकामी होईल. मग पोळ्याची मेणाची खूण खरवडून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचा संभव असतो.

आग्या उठते ती बहुधा कोणीतरी उठवल्यामुळे. गडावर धूर केला, फटाके लावले, दगड मारला, किंवा मधुबाज पक्ष्याने पोळ्यावर झडप घातली. उठलीच तर तोंड झाकून सरळ पळत सुटा आणि बंद खोलीत नाहीतर गाडीत शिरा. हात झटकत एका जागी उभं राहू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

माशी चावली तर?

काटा लगेच काढा. नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याला चिकटलेली विषाची पिशवी नंतरही विष ढकलत राहते, त्यामुळे कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. चावल्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो इतर माश्यांना ‘इकडे या’ म्हणून सांगणारा वास आहे. म्हणून तिथून आधी बाजूला व्हा, जागा धुवा, बर्फ लावा.

सूज आणि खाज येणारच, ती ॲलर्जी नव्हे. पण अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, ओठ-घसा सुजला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना. मूल असेल, वयस्कर माणूस असेल किंवा बरेच डंख असतील तर लक्षणांची वाट न पाहता जा. ज्यांना आधी असं झालेलं आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आमच्याकडे शिकायला येऊ नये. यात भीडभाड ठेवत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं तर पटकन काम होईल ना?

माश्या मरतील. भिंतीतलं मेण आणि मध तिथेच राहील, उन्हाळ्यात वितळून रंगावर ओघळ येतील, मुंग्या लागतील, आणि तो विषारी मध न्यायला आजूबाजूच्या पेट्यांतल्या माश्या येतील. त्यात आमच्याही.

माश्या वाड्याच्या भिंतीत किंवा मीटरच्या पेटीत राहायला आल्यात. त्या जिवंत काढता येतात का?

सातेरी असेल आणि हात पोचत असेल तर येतात. याला थव्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, म्हणून नीट सांगतो.

मीटरची पेटी असेल तर आधी वायरमनला बोलावून वीज बंद. मग गोणपाट नाहीतर नारळाच्या शेंडीचा थंड धूर, दोन-तीन फुंकर, जास्त नाही. झाकण किंवा एखादी वीट काढली की आत पावाच्या कापांसारखी पोळी उभी दिसतात. एकेक पोळं मुळाशी कापायचं. ज्यात अंडी, अळ्या आणि बंद पिलावा आहे ते तुकडे रिकाम्या फ्रेममध्ये, म्हणजे पेटीत उभ्या लावायच्या लाकडी चौकटीत, बसवून केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने बांधायचे. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, घाईत उलटं बांधणारे पुष्कळ. माश्या चार-पाच दिवसांत पोळं फ्रेमच्या पट्टीला मेणाने चिकटवतात, आणि मग तो दोरा कुरतडून, ओढत ओढत पेटीच्या दारातून बाहेर टाकतात. सकाळी दाराशी पांढरा धागा पडलेला दिसला की आमच्यातले जुने लोकसुद्धा खूश होतात.

मधाची पोळी वेगळ्या डब्यात, कारण सांडलेल्या मधाने सगळं चिकट होतं आणि मुंग्या धावतात. राणी सापडली तर उत्तम. नाही सापडली तर पिलाव्याच्या फ्रेमा पेटीत लावून पेटीचं दार जुन्या भोकाशी लावायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. माश्या रांगेने आत जाऊ लागल्या, दाराशी शेपटी वर करून पंख फडफडवू लागल्या, की राणी आत आहे असं बहुधा धरायला हरकत नाही. अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी उचलायची. भिंतीतलं भोक त्याच दिवशी बुजवा. ते काम घरमालकाचं, आणि ते राहून जातं, आणि पुढच्या माघात आम्ही पुन्हा त्याच भिंतीसमोर उभे असतो.

मला मधमाशीपालन सुरू करायचंय. पेटी कुठे मिळेल?

पेटी शेवटी. आधी एक वर्ष आमच्याबरोबर दुसऱ्याच्या पेटीवर शिका. हे ऐकून निम्मे लोक परत फोन करत नाहीत. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

पेटी विकत घेणं सोपं आहे. पण जूनमध्ये पाऊस लागला, फुलं नाहीत, माश्या आतल्या आत उपाशी, आणि तुम्हाला झाकण उघडायची भीती वाटतेय, अशी पेटी ऑगस्टपर्यंत टिकत नाही. मग रिकामी पेटी अडगळीत जाते आणि ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं तो माणूस पुढच्या दहा जणांना सांगतो.

मग वर्षभरात शिकता काय?

आमचं वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होतं. पाऊस थांबतो, सोनकी, रानफुलं, शेतातली फुलं सुरू होतात, राणी अंडी वाढवते. नवख्याला आधी फ्रेम धरायला शिकवतो. उभी उचलायची, आडवी करायची नाही, कोवळं पोळं मोडून पडतं. मग अंडं ओळखायला : सूर्य पाठीशी घ्या, पोळ्यातल्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी. पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही. चष्मा लागलाय हे आमच्याकडे येऊन कळलेले तिघे आहेत.

जानेवारी ते मार्च थव्यांचा काळ, त्याबद्दल पुढे सविस्तर. मार्चपासून जांभूळ, मग हिरडा, गेळा, म्हणजे घाटमाथ्याचा मधाचा हंगाम. मधकोठी, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा मजला, चढवणं, बंद झालेल्या फ्रेमा ओळखणं, मधयंत्रातून मध काढणं तेव्हा शिकायचं. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा पावसाळ्याच्या शेवटीही मध मिळतो. त्या वर्षी आम्ही सगळेच थोडे वेडे होतो.

जून ते सप्टेंबर टिकून राहण्याचे दिवस. साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक, गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर थेंब सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. पराग कमी पडला तर भाजक्या डाळ्याचं पीठ देतात. पावसाळा ओसरताना गांधीलमाश्या पेटीच्या दारात टपून बसतात. त्यावर आमचा उपाय जुनी बॅडमिंटनची रॅकेट. हसू नका, अजून यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही.

यूट्यूबवर शिकता येत नाही का?

पाहा जरूर. पण बहुतेक व्हिडिओ परदेशातले, मेलिफेरा माशीचे, मोठ्या लँगस्ट्रॉथ पेटीचे असतात. आपली सातेरी वेगळी वागते. ती जास्त बुजरी, जास्त थवे काढणारी, आणि रागावली की चावण्यापेक्षा घर सोडून जाणारी. व्हिडिओ पाहून दर तीन दिवसांनी पेटी उघडणाऱ्या एका सभासदाच्या माश्या पंधरा दिवसांत निघून गेल्या. त्याने त्याचाही व्हिडिओ काढला.

सातेरी घ्यावी की मेलिफेरा?

घाटमाथ्यावर, जंगलाच्या कडेला, दोन-पाच पेट्या ठेवणाऱ्याला सातेरी. ती इथलीच आहे, बारीकसारीक फुलांवर जगते, व्हरोआ नावाच्या गोचिडीसारख्या किडीशी तिचं जुनं वैर आहे आणि सातेरी ती कीड स्वतःच अंगावरून काढून टाकते. मध कमी देते, चांगल्या वर्षात पेटीला पाच ते दहा किलो.

मेलिफेरा १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबकडे रुजली आणि तिथून पसरली. मध कितीतरी पट देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकमधून फिरवाव्या लागतात. तो पूर्णवेळ धंदा आहे, रविवारचा छंद नव्हे. एकाच ठिकाणी ठेवून पावसाळ्यात ती जगवायची म्हणजे साखरेचं पोतं रिकामं.

सातेरीचा कमकुवतपणाही सांगतो. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड विषाणूची साथ आली आणि सातेरीच्या ९० टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. अळी पिशवीसारखी पाणी भरून मरते. म्हणून बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेली पेटी आम्ही आधी सगळ्यांपासून लांब ठेवतो, आणि पेटी तपासून झाली की हात आणि पटाशी धुतल्याशिवाय दुसरीला लावत नाही.

रीतसर प्रशिक्षण आणि अनुदान कुठे?

पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. आपल्या जवळ म्हणाल तर महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय. या खादी मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक असं गणित असतं, आणि प्रशिक्षण सक्तीचं. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात. कागद भरायला आम्ही मदत करतो, पण मंजुरी आमच्या हातात नाही, कृपया त्यासाठी रात्री फोन नको.

जमलं तर महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर पाहून या. २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून ते जाहीर झालं. दुसरं कोल्हापूर जिल्ह्यातलं, भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. तिथल्या पेट्या पाहण्यापेक्षा तिथल्या म्हाताऱ्या मधपाळांशी अर्धा तास बोला.

माश्या थवा का काढतात? त्यांना आपण काही कमी केलं का?

उलट. भरभराट झाली म्हणून थवा निघतो. खाणं भरपूर, माश्या दाटीवाटीने, राणीला अंडी घालायला जागा नाही, की कामकरी माश्या नव्या राणीची तयारी सुरू करतात. आणि मग नवी राणी बाहेर पडण्याआधीच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. लेकीला भरलं घर देऊन आईच नव्या संसाराला बाहेर पडते, असा हा प्रकार. काही वेळा त्यानंतर आठवडाभरात कुमारिका राणीबरोबर दुसरा, तिसरा थवाही निघतो आणि मागे मूठभर माश्या उरतात. खरं नुकसान त्या दुसऱ्या-तिसऱ्या थव्याने होतं.

नवी जागा कशी ठरते हे पाहण्यासारखं असतं. घोसाच्या पाठीवर शोधक माश्या नाचतात. नाचाची दिशा आणि लांबी म्हणजे जागेचा पत्ता. ही नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं, आणि थव्यातल्या माश्या नाचून जागेवर एकमत करतात हे त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी दाखवलं. आधी चार दिशांचे चार नाच चाललेले असतात, हळूहळू एकच उरतो, आणि मग सगळे उठतात. सोसायटीच्या सभेपेक्षा बरं चालतं.

थवा निघणार हे आधी कळतं का?

कळतं, आणि मंडळात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

पहिली खूण नर. पिलावा कोठीच्या पोळ्याच्या खालच्या कडेला फुगीर टोप्यांची मोठी घरं दिसू लागतात. सातेरीच्या नराच्या टोपीला मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. नर दिसले की वही काढा.

दुसरी खूण राणीघरं. पोळ्याच्या अगदी खालच्या कडेला, तोंड खाली करून लोंबणारी, भुईमुगाच्या शेंगेसारखी. सुरुवातीला नुसती उलटी वाटी असते. वाटीत अंडं किंवा दुधासारख्या खाद्यात पोहणारी अळी दिसली म्हणजे निर्णय झाला. अंडं घातल्यापासून राणीघर बंद व्हायला सुमारे आठ दिवस लागतात, आणि बंद झालं की हवा चांगली मिळताच थवा सुटतो. म्हणून या दोन-अडीच महिन्यांत दर सात दिवसांनी पेटी पाहायची. दहा दिवसांनी पाहणाऱ्याला रिकामी शेंग मिळते.

आणि फ्रेम उचलून तिची खालची कड पाहायची, फक्त वरून डोकावायचं नाही. मी हे लिहितोय कारण चौथ्या वर्षी, सगळं येतं असं वाटत असताना, मी शेवटची भिंतीकडची फ्रेम न उचलता झाकण लावलं. शनिवारी साडेदहाला अंगणात बसलो असताना पेटीच्या दारातून माश्या पाणी ओतावं तशा बाहेर आल्या, दहा मिनिटं आकाश गुणगुणलं, आणि सगळ्या शेजाऱ्यांच्या जांभळीच्या शेंड्यावर जाऊन बसल्या. चाळीस फूट. मंडळाचा सचिव खाली शिडी घेऊन उभा. दुपारी तीनला त्या उठून मेणवलीच्या दिशेने गेल्या. भिंतीकडच्या फ्रेमला सहा राणीघरं होती.

मग थवा थांबवता येतो का?

राणीघरं मोडत बसणं हा उपाय नव्हे. तुम्ही एक विसरता, आणि तेवढं पुरतं. त्यांची इच्छा झालेलीच आहे तर ती आपल्या सोयीने पूर्ण करून द्यायची, म्हणजे पेटी फोडायची, एका वसाहतीच्या दोन करायच्या.

राणीघरं दिसली की जुनी राणी असलेली फ्रेम, आणखी एक-दोन पिलाव्याच्या आणि एक मधाची फ्रेम, वर भरपूर माश्या, हे सगळं नव्या पेटीत. जुन्या पेटीत एक-दोन चांगली, मोठी राणीघरं ठेवायची, बाकीची काढून टाकायची, म्हणजे दुसरा थवा निघत नाही. जुन्या पेटीला मग तीन आठवडे हात लावू नका. नवी राणी बाहेर येते, उडून नरांशी मीलन करून परतते, अंडी सुरू करते. मध्येच उघडून पाहणाऱ्यांनी राणी घालवल्याच्या गोष्टी आमच्याकडे पुष्कळ.

पेटीत दाटी होण्याआधी जागा देणं, जुनी काळी पोळी काढून मेणपत्रे (पोळं बांधायला पाया म्हणून मेणाचे पातळ पत्रे) देणं, सावलीत ठेवणं, याने थवा लांबणीवर पडतो. टळेलच असं नाही.

थवा हाताच्या उंचीवर बसलाय. मी स्वतः पकडू का?

एकदा आमच्याबरोबर पाहिला असेल तर पकडा. साहित्य : बुरखा, पाण्याचा हलका फवारा, पेटी, आणि पेटीत एक जुन्या पोळ्याची फ्रेम. तो वास त्यांना ओळखीचा वाटतो. पिलाव्याची फ्रेम मिळाली तर मग माश्या सोडून जायला तयारच नसतात.

फवाऱ्याने माश्या किंचित ओल्या करा, पेटी खाली धरा, फांदीला एकच जोरदार हिसका द्या. दोन-तीन हलके हिसके दिले तर माश्या हवेत आणि तुम्ही खाली. राणी आत पडली तर बाकीच्या मागोमाग येतात. पेटी तिथेच सावलीत ठेवून संध्याकाळची वाट पाहा. दुपारीच उचलून नेलीत तर बाहेर गेलेल्या शेकडो माश्या त्या फांदीवर रात्र काढतात.

थवा पकडला, पाक दिला, सगळं नीट केलं, आणि दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी!

सातेरीचा स्वभाव. दाराला राणीफाटक लावलं तर कामकरी ये-जा करतात आणि राणीला बाहेर पडता येत नाही. चार-पाच दिवसांत पोळं बांधायला घेतलं, अंडी दिसली, की काढा. पण थवा दुसऱ्या फेरीचा, कुमारिका राणीचा असेल तर फाटक लावून ठेवू नका, तिला मीलनासाठी उडावं लागतं. अडकवून ठेवलेली राणी कायमची वांझ राहते. थवा लहान आणि राणी सडपातळ, चपळ दिसली तर संशय घ्या.

थवा नाही, पण भरलेली पेटी अख्खी निघून गेली. एकही माशी मागे नाही.

याला आम्ही पेटी सोडून जाणं म्हणतो, आणि यात दोष जवळजवळ नेहमी आपला. मुंग्या, मेणकिडा, उपासमार, ऊन, सतत उघडझाप. मेणकिडा कमजोर पेटीतच शिरतो. पोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बोगदे दिसले तर रिकामी पोळी ताबडतोब काढा. पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यात. आणि त्या वाट्यांतलं पाणी एप्रिलमध्ये आटतं. एका लग्नाच्या गडबडीत आठ दिवस आमच्या घरच्या वाट्या कोरड्या राहिल्या, त्याची किंमत एक पेटी.

पकडलेला थवा कोणाचा?

मंडळाचा नियम : शिडीवर चढलेल्याचा नव्हे, यादीत पुढे असलेल्याचा. वर्ष पूर्ण केलेल्या शिकाऊ सभासदांची यादी असते, थवे त्या क्रमाने जातात. ज्यांच्या झाडावर सापडला त्यांना पहिल्या मधाची एक बाटली पोचते. यावरून भांडणं झाली आहेत, म्हणूनच नियम लिहून ठेवलाय.

पेटी अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवायची आहे.

एकदम हलवू नका. माश्या जागा पाठ करतात, पेटी नव्हे. रोज एखाद-दोन फूट सरकवा, नाहीतर तीन किलोमीटर लांब दोन-तीन आठवडे ठेवून परत आणा.

गच्चीवर किंवा फ्लॅटमध्ये ठेवता येईल?

गच्चीवर येईल. दुपारची सावली, वारा अडवायला आडोसा, जवळ पाण्याची उथळ थाळी आणि त्यात खडे, आणि पेटीचं तोंड शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांकडे नको. माश्या उडताना पिवळे ठिपके टाकतात, आणि ते पांढऱ्या शर्टावरून निघत नाहीत. सोसायटीला आधी सांगा. लपवून ठेवलेली पेटी पहिल्याच थव्याला उघडी पडते.

शेतात फवारणी होते. पेट्या टिकतील?

शेजारच्या शेतकऱ्याशी बोला, दुसरा उपाय नाही. फुलोऱ्यात फवारणी टाळता आली तर टाळा, अगदीच नाही तर सूर्यास्तानंतर. त्या रात्री पेटीचं दार बंद, हवा खेळती ठेवून. ज्याच्याकडे स्ट्रॉबेरी, कांद्याचं बियाणं किंवा काकडी-भोपळा आहे त्याला फार समजवावं लागत नाही. बियाण्याच्या कांद्याचे गेंद माश्यांशिवाय भरत नाहीत हे तो स्वतः पाहतो.

मध थिजला, म्हणजे भेसळ का?

नाही. थिजणं हा मधाचा स्वभाव, कोणत्या फुलाचा आहे त्यावर अवलंबून. बरणी कोमट पाण्यात ठेवा. मध पातळ आणि फसफसत असेल तर मात्र तो कच्चा काढलेला आहे. नियमाने मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, म्हणून माश्यांनी मेणाने बंद केलेल्या फ्रेमाच काढायच्या. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, आजी काहीही म्हणोत.

सभासद कसं व्हायचं?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठला पेट्या पाहतो, पाऊस नसेल तर. वर्गणी वर्षाला साधारण एका मधाच्या बाटलीएवढी. पहिले दोन रविवार फुकट, कारण दुसऱ्या रविवारपर्यंत कोणाला पहिला डंख बसलेला असतो आणि खरं काय ते कळतं. बारा वर्षांवरची मुलं पालकांबरोबर चालतील.

येताना फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचता येईल अशी, बूट. अत्तर, सुगंधी तेल, मोगऱ्याचा गजरा नको. बुरखे आमच्याकडे आठ आहेत, लवकर येईल त्याला. आणि चष्मा विसरू नका.